दम कुठे तुटतो: घाटातल्या टँकरसाठी सुपरचार्जर की टर्बो?

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात परतवाड्याच्या माझ्या गॅरेजसमोर एक पाण्याचा टँकर येऊन उभा राहिला. नऊ हजार लिटरची टाकी, चाकांवर लाल मातीचे थर, सायलेन्सरच्या तोंडाशी बोटभर काजळी. मालक माझ्या वडिलांच्या वयाचे, मी त्यांना काकाच म्हणतो. सोबत त्यांचा पुतण्या आणि गाडीचा ड्रायव्हर. काम असं होतं की पायथ्याच्या विहिरीवर टाकी भरायची, चिखलदऱ्याचा घाट चढायचा आणि पठारावरच्या गावांच्या कोरड्या विहिरींत पाणी सोडायचं. मेळघाटाच्या कड्यावर पाऊस बक्कळ पडतो आणि उन्हाळ्यात त्याच गावांना टँकर लागतो, हे आमच्याकडे कोणाला नवीन नाही.

"गाडी चढतच नाही ना बाप्पा," काका म्हणाले. "तीन खेपा लिहून दिल्या, दोनच होऊन राह्यल्या. वरतं बाया दोर-बादली घेऊन विहिरीवर बसून राह्यतात. त्यायले काय सांगू, इंजिनाले दम नाही म्हनून?"

पुतण्याने मोबाइल पुढे केला. व्हिडिओत एका परदेशी ट्रकच्या इंजिनाच्या माथ्यावर चकचकीत ब्लोअर बसवलेला होता, समोरून रुंद पट्ट्यावर फिरणारा. हाच सुपरचार्जर: इंजिनाच्याच जोरावर फिरून त्यात हवा दाबून भरणारा. टर्बो तेच काम इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या जोरावर करतो. "दादा, हे लावून द्या. टर्बोसारखी वाट पाहा लागत नाही. पाय ठेवला की ताकद."

पोराचं म्हणणं मी उडवून लावलं नाही. त्याने वाचून, पाहून ठरवलं होतं आणि त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. पण ते तथ्य या गाडीला किती लागू पडतं, हे मोजल्याशिवाय कळणार नव्हतं. ते मोजण्यात आठ दिवस गेले. पुढचं सगळं त्या आठ दिवसांचं आणि त्यानंतर केलेल्या कामाचं आहे.

गाडीतलं इंजिन टाटाच्या ६९७ घराण्यातलं, टर्बो नसलेलं. हा आकडा आपण सगळे रोज तोंडात घेतो, पण तो इंजिनाचं मापच सांगतो: सहा सिलिंडर, प्रत्येकाचा बोअर, म्हणजे आतला व्यास, ९७ मिलिमीटर. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, १२८ मिलिमीटर, म्हणून एकूण ५,६७५ सीसी. टाटा आणि मर्सिडीज-बेंझ यांचा करार १९५४ सालचा, त्या मुळातून आलेली ही जात. मजबूत, सोशिक, खेड्यातल्या मिस्त्रीलाही उघडता येईल अशी.

तपासताना पहिली गोष्ट दिसली ती पंपावर. आधी कोणीतरी फ्युएल पंपाचं सील तोडून डिझेलचा स्क्रू वाढवून ठेवला होता. गाडी ओढत नाही म्हटलं की डिझेल वाढवायचं, हा इलाज फार जागी चालतो आणि मला त्याचा मनापासून राग आहे. टर्बो नसलेलं इंजिन हवा जितकी ओढतं तितकीच ओढतं. हवा तेवढीच ठेवून डिझेल वाढवलं, तर जास्तीचं डिझेल अर्धवट जळून काळा धूर होतो आणि पिस्टनच्या माथ्यावर उष्णता चढत जाते. हेड खोललं तेव्हा तिसऱ्या आणि पाचव्या पिस्टनच्या कडेला बारीक चिरा पडलेल्या होत्या. महिनाभर गाडी तशीच पळाली असती तर भर घाटात बसली असती.

हेड पॅकिंग बदललं, ते दोन पिस्टन तात्पुरते बदलले, पंप टेस्ट बेंचवर मूळ मापाला आणला. मग काकांना म्हणालो, आता मी दोन दिवस गाडीसोबत फिरतो, त्याशिवाय काही लावणार नाही.

वहीतला घाट

जुन्या केबिनमध्ये आरपीएमचं, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांचं, मीटर नव्हतं. एक तात्पुरतं लावलं, धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये तापमानाचा प्रोब बसवला आणि मांडीवर वही घेऊन क्लीनरच्या जागेवर बसलो. बाहेर पंचेचाळीस अंश. इंजिनाच्या झाकणातून येणारी धग पोटरीला लागत होती.

सरळ चढावर ड्रायव्हर गाडी तिसऱ्यात किंवा दुसऱ्यात धरून सोळाशे ते एकोणीसशेच्या मध्ये चालवायचा. वेग अठरा-वीसच्या पुढे जात नव्हता. अशी संथ ओढ पन्नास-साठ मिनिटं. अवघड जागा मला वाटल्या तितक्या नव्हत्या: भरल्या टाकीला आरपीएम हजाराच्या खाली नेणारी मोजून पाच वळणं.

त्यातल्या चौथ्या वळणावर ड्रायव्हरने गाडी दुसऱ्यात टाकली, काटा नऊशेवर आला, सगळी गाडी थरथरली आणि त्याला पहिला गिअर घ्यावा लागला. तो रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाला, "पाहा भाऊ, हिचा दम सरळ चढावर नाही तुटत, वळनावर तुटते. सरळ चढावर ती फक्त हळू जाते."

ते वाक्य मी तसंच वहीत उतरवलं. पंधरा वर्षं घाट चढणारा माणूस गाडीच्या दोन वेगळ्या दुखण्यांना दोन वेगळी नावं देत होता आणि सुपरचार्जर की टर्बो हा प्रश्न नेमका त्याच दोन दुखण्यांत वाटला गेलेला आहे. वळणावरचं दुखणं कमी आरपीएमचं. चढावरचं दुखणं हवेच्या कमतरतेचं.

संध्याकाळी मी पाचही वळणांवर लागलेला वेळ जोडला. प्रत्येकी वीस सेकंद धरले तरी सगळे मिळून शंभर सेकंद. उरलेला तासभर गाडी एकसारख्या ओढीत होती.

हवेचा हिशेब

आता कागद घेऊन बसू. पुतण्यालाही मी समोर बसवलं होतं, आकडे त्यानेच कॅल्क्युलेटरवर काढले.

चारस्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पोट भरून हवा घेतं. पंधराशे आरपीएमला हे इंजिन मिनिटाला सुमारे ३.६ घनमीटर हवा ओढतं, सिलिंडर ८५ टक्के भरतो असं धरून. समुद्रसपाटीला पंधरा अंश तापमानात त्या हवेचं वजन ४.४ किलो. परतवाड्याला, पावणेचारशे मीटर उंचीवर, पंचेचाळीस अंशांत तीच हवा ३.८५ किलो भरते. म्हणजे घाट सुरू व्हायच्या आधीच जवळपास तेरा टक्के हवा गेली. चिखलदरा साधारण १,१०० मीटरवर आहे. तिथे दाब कमी होतो, पण उन्हाची तीव्रताही उतरते, त्यामुळे वरती आणखी सहाएक टक्केच जातात. आम्हा दोघांनाही हे आधी खरं वाटेना, म्हणून परत मोजलं. या गाडीचा श्वास उंचीपेक्षा ऊन जास्त खातं.

मग ताकदीचा हिशेब. पाण्यासकट गाडी पंधरा टन. शंभर मीटरला सहा मीटर असा चढ ताशी वीस किलोमीटरने चढायचा, तर चाकांचं घर्षण आणि गिअर-डिफरन्शियलचा तोटा धरून इंजिनाने ८५ ते ९० हॉर्सपॉवर द्यायला हवी. पंचवीसने चढायचा तर ११०. आणि त्या उन्हात, अठराशे आरपीएमला, धूर न काढता हे इंजिन देऊ शकत होतं ऐंशी-ब्याऐंशी. वहीतला अठरा-वीसचा वेग कागदावर उतरला होता.

म्हणजे हवा दाबून भरायलाच हवी होती, यात शंका उरली नाही. प्रश्न एवढाच, की दाबणारा पंखा कशावर फिरवायचा: क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, पट्ट्यावर की सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या गरम वायूवर?

सुपरचार्जर क्रँकला बांधलेला असतो, म्हणून नऊशे आरपीएमलाही तो आपल्या वाट्याची हवा ढकलतो. चौथ्या वळणावर तो नक्की कामाला आला असता. पुतण्याचं हे म्हणणं मी त्याच्यासमोर मान्य केलं. पण पट्ट्यावर फिरणाऱ्याचं भाडंही क्रँकच भरतो. आम्हाला लागणारा दाब, म्हणजे बाहेरच्या हवेच्या १.६ पट, रूट्स जातीच्या, म्हणजे दोन रोटरांनी हवा ढकलणाऱ्या, ब्लोअरने करायचा तर अठराशे आरपीएमला बारा-तेरा हॉर्सपॉवर त्यालाच लागतात. हवेचा दाब पिस्टनला खाली ढकलतो म्हणून त्यातलं थोडं परत मिळतं. ते वजा केलं तरी तासाला दीड लिटरच्या आसपास डिझेल फक्त ब्लोअर फिरवायला जातं. शिवाय डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखा थ्रॉटल नसतो. बायपास किंवा क्लच बसवला नाही तर रिकामी टाकी घेऊन घाट उतरतानाही तो हवा दाबतच राहतो. या टँकरची अर्धी जिंदगी रिकाम्या उताराची आहे.

दुसरी अडचण उष्णतेची. हवा दाबली की तापते आणि ब्लोअर जितका कमी कार्यक्षम तितकी जास्त तापते. पंचेचाळीस अंशांची हवा १.६ पट दाबली तर साध्या टर्बोमधून ती ११० अंशांच्या आसपास बाहेर पडते आणि रूट्स ब्लोअरमधून सव्वाशेच्या पुढे. तापलेली हवा पुन्हा फुगते, म्हणजे दाबून मिळवलेलं थोडं तिथेच गेलं. दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर दोन्हींना लावता येतो, पण थंड करायचं ओझं ब्लोअरला अधिक.

व्हिडिओतल्या त्या चकचकीत ब्लोअरचंही सांगतो, कारण त्याने बऱ्याच पोरांचा गैरसमज होतो. अमेरिकेतल्या डेट्रॉइट डिझेलच्या ७१ मालिकेची इंजिनं १९३८ सालापासून ब्लोअर घेऊन आली, पण ती टूस्ट्रोक होती. टूस्ट्रोक डिझेलला हवा ओढायचा वेगळा स्ट्रोकच नसतो, बाहेरून हवा ढकलल्याशिवाय ते सुरूच राहत नाही. तिथे ब्लोअर हा श्वास होता. आपल्या चारस्ट्रोकला श्वास आहे, त्याला जोर हवा आहे.

टर्बोची कल्पना त्याहून जुनी, स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली पेटंट घेतलेली. डिझेलमधली तिसरा हिस्सा ऊर्जा धुराड्यातून निघून जाते. त्यातली थोडी अडवून टर्बाइन फिरवायचं. ते अगदी फुकट नाही, मॅनिफोल्डमध्ये उलटा दाब वाढतो, पण पट्ट्याच्या भाड्यापेक्षा फार स्वस्त. आणि टर्बोला आवडतं काय, तर एकसारखा लोड. तासभर एका सुरात ओढणारा घाटातला ट्रक यापेक्षा वेगळं काय असतं? शंभर सेकंदांच्या दुखण्यासाठी तासभराचं औषध चुकीचं घेऊ नये, हे मी काकांना सांगितलं.

"पन त्या वळनाचं काय?" ड्रायव्हरने लगेच विचारलं. त्याला गाडी चालवायची होती, म्हणून प्रश्न त्याचाच होता.

काय बसवलं

जुन्या इंजिनावर टर्बो ठोकून द्यायला मी तयार नव्हतो. टर्बोच्या इंजिनाचे पिस्टन वेगळे असतात, खालून त्यांच्या पोटावर ऑइलचा फवारा मारणारी जेट असतात, कॉम्प्रेशन थोडं कमी असतं, ऑइल पंप आणि कूलर मोठा असतो. साध्या इंजिनात हे काहीच नसतं. चिरा गेलेले पिस्टन मी हातात धरले होते, ते विसरता येत नव्हते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत नोंदणीशी न जुळणारा बदल करता येत नाही. त्यामुळे ठरलं असं, की कंपनीने याच गाडीच्या पुढच्या आवृत्तीत दिलेलं टर्बोचं इंजिन घ्यायचं, आरटीओकडे आधी अर्ज करायचा, आणि परवानगी आल्यावरच बसवून इंजिन नंबर नोंदवून घ्यायचा. यात अठरा दिवस गेले. काका त्या दिवसांत भाड्याच्या गाडीवर खेपा मारत होते, रोज फोन करत होते. मलाही ते दिवस जड गेले.

सुपरचार्जरच्या बाजूने शेवटचा विचार केला तो सुट्या भागांचा. ६९७ ला बसेल असा ब्रॅकेट, पुली, पट्ट्याचा ताण धरणारी यंत्रणा, सगळं लेथवर घडवावं लागलं असतं. बारा-तेरा हॉर्सपॉवर ओढणं हे साध्या फॅन बेल्टचं काम नाही. आणि रोटरचं बेअरिंग मे महिन्यात गेलं तर आमच्याकडे दुरुस्त करणारा कोणी नाही. टर्बोची कार्ट्रिज, म्हणजे आतला फिरता भाग, अमरावतीला मिळते. पाण्याच्या गाडीला ही गोष्ट छोटी नाही.

वळणासाठी दोन गोष्टी केल्या. टर्बाइनचं घर एक माप लहान घेतलं, म्हणजे कमी धुरातही ते लवकर वेग पकडतं, आणि वरच्या आरपीएमला दाब हाताबाहेर जाऊ नये म्हणून वेस्टगेट, म्हणजे जास्तीचा धूर बाजूने सोडणारी झडप, असलेलाच टर्बो निवडला. दुसरी गोष्ट पंपावर. पंपाच्या पाठीवर डायफ्रॅम असतो, तो टर्बोचा दाब पाहून डिझेल सोडतो. दाब आला नाही तर डिझेलही थांबतं. वळणावर धूर काढत पिस्टन भाजण्यापेक्षा ते बरं. पंप बेंचवर लावताना मी समोर उभा राहिलो आणि पूर्ण मापाच्या थोडं खालीच थांबवायला सांगितलं. पंपवाल्याला ते पटेना. त्याच्या मते गिऱ्हाईक ताकद मागायला येतं, तर द्यावी. मी पंचेचाळीस अंशांच्या उन्हाकडे बोट दाखवलं.

रेडिएटरवर मी अडून बसलो होतो आणि आजही तेच सांगेन. इंटरकूलर रेडिएटरच्या पुढे बसतो, म्हणजे रेडिएटरला मिळणारी हवा आधीच तापलेली. ताशी वीसने चढणाऱ्या गाडीला समोरून वारा नसतोच, सगळी हवा पंख्याने ओढायची. पाठीमागून वारा असेल तर गाडी स्वतःच्याच गरम हवेत चालते. म्हणून रेडिएटरचा कोर नवा टाकला, पंख्याभोवतीचं तुटलेलं कवच बदललं आणि फटी रबराने बुजवल्या. खर्चाचा मोठा वाटा टर्बोचा नव्हता, इंजिनाखालोखाल तो या कामाचा आणि इंटरकूलरच्या पाइपांचा होता. एअर क्लीनरही जुन्या ऑइल बाथचा काढून कागदी एलिमेंटचा बसवला. टर्बोचं चाक मिनिटाला लाखाच्या घरात फिरतं, धुळीचा कण त्याच्या पात्याला वाळूच्या कागदासारखा घासतो.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात भरल्या टाकीने पहिली खेप केली. मी पुन्हा क्लीनरच्या जागेवर, तीच वही. सोळाशेला दाब ०.६ बार. टर्बोतून निघणारी हवा १०४ अंश, इंटरकूलरनंतर ६६. टर्बोच्या आधी धूर ६३० अंशांच्या आसपास, एकदाच ६५० ला टेकला. मला सातशेपर्यंत जाऊ द्यायचा नव्हता. सरळ चढावर वेग चोवीस-पंचवीस. जो घाट एक तास सात मिनिटांत चढायचो तो एकावन्न मिनिटांत. पाण्याचं तापमान माथ्यावर लाल रेषेच्या बोटभर खाली थांबलं. रेडिएटरचा हट्ट केला नसता तर ते थांबलं नसतं.

पहिल्या तीन वळणांवर ड्रायव्हरने दुसरा गिअर धरून गाडी काढली. आरपीएम अकराशेच्या खाली जाऊ द्यायचा नाही, वळणाच्या आधीच गिअर टाकून इंजिन फिरतं ठेवायचं, एवढं त्याला मी सांगितलं होतं. दुसऱ्याच खेपेला तो माझ्यापेक्षा नीट करायला लागला. त्याला शिकवलेली आणखी एकच गोष्ट: वर पोहोचलं की गाडी लगेच बंद करायची नाही. दोन मिनिटं आयडलवर ठेवायची, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल जागच्या जागी जळून कोळसा होतो. वर पोहोचल्यावर क्लीनर खाली उतरून टाकीचा पाइप विहिरीत सोडतो, त्यात ती दोन मिनिटं आपोआप जातात.

पावसाळ्याच्या तोंडाशी काकांनी गाडी तपासायला आणली. तीन खेपा होत होत्या. खेपेमागे डिझेल थोडं कमी लागत होतं. किती, ते मी लिहीत नाही, कारण त्यांची भरण्याची नोंद अंदाजाची होती. टर्बोच्या शाफ्टला खेळ नव्हता, कॉम्प्रेसरच्या पात्यांच्या कडा शाबूत होत्या. एअर क्लीनरचं एलिमेंट मात्र लाल मातीने असं गच्च झालं होतं की झटकल्यावर गॅरेजच्या फरशीवर ढीग पडला. आठवड्याला झटकायचं सांगितलं होतं, पंधरा दिवसांनी झटकत होते. आता केबिनच्या दारावर आतून खडूने वार लिहून ठेवला आहे.

पुतण्या अजून येतो, फोनवर नवे व्हिडिओ घेऊन. गेल्या खेपेला त्याने वीज-मोटरवर फिरणाऱ्या टर्बोचा दाखवला, कमी आरपीएमला मोटर चाक फिरवते आणि मग धूर काम घेतो. तो बसला असता तर चौथं वळणही सुटलं असतं. कारण ते वळण अजून सुटलेलं नाही. तिथे रस्ता आत झुकलेला आहे, मागची चाकं खड्ड्यात उतरतात आणि काटा हजाराखाली येतोच. ड्रायव्हर तिथे आजही पहिला गिअर घेतो, आणि मी त्याला घेऊ नको असं म्हटलेलं नाही.